काट्यावरचे बंधू

आंजर्ल्यात कड्यावर गणपती आहे आणि काट्यावर बंधू. गणपती उजव्या सोंडेचा, म्हणजे कडक. बंधूही त्याच पंथातले.

काटा म्हणजे हर्णै बंदरावरच्या मासळीवाल्याकडून जुना घेतलेला दीडशे किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा. कितीही घासला तरी त्यावर ठेवलेल्या वस्तूला बांगड्याचा वास लागतोच. त्यावर एकदा तरी चढून उतरली नाही अशी वस्तू बंधूंच्या घरात राहिलेली नाही. मिक्सरचं भांडं, दाराची कडी, दाते पंचांग, पाहुण्यांच्या बॅगा, शेजारचं मांजर (ते दोनदा, कारण पहिल्यांदा हललं). बंधू आकडा वाचतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि वस्तूच्या मालकाकडे बघून विचारतात, "यातलं काय काढता येईल?"

मांजराच्या मालकिणीने तेव्हापासून मांजर घरात कोंडून ठेवायला सुरुवात केली आहे.

त्यांना सगळं गाव बंधू म्हणतं. पंचाहत्तरीच्या काकू म्हणतात, पाचवीतलं पोर म्हणतं. एकट्या वहिनींना ती सोय नाही. त्या 'अहो'वर भागवतात, आणि रागावल्या की माझ्याकडे बघून 'तुमचे बंधू' म्हणतात.

असा खटपट्या माणूस कोकणाला नवा नाही. गावागणिक एक असतोच. विहिरीवरचा पंप बसला की त्याला बोलावतात, माघी उत्सवात नाटकाचा पडदा अर्ध्यावर अडकला की त्याला बोलावतात, आणि तो घरी आला की चालू स्थितीतली घड्याळं कपाटात ठेवतात. या जातीचं एक लक्षण सांगतो. दुरुस्ती पुरी झाली की यांचा चेहरा उतरतो. पंप धो धो पाणी ओढू लागला, घरातली माणसं आनंदली, की हा एका बाजूला पान्हे पुसत उदास बसलेला. बंधूंनी यावर कायमचा इलाज केला. जे काम पुरं होण्याची भीती नाही असंच काम त्यांनी हाती घेतलं. स्पोर्ट्‌स कार बांधायला काढली. घरी, पडवीत.

पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभं आयुष्य काढून, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन बंधू गावी परतले, तेव्हा वहिनींनी दोन खोल्या काढायचं ठरवलं होतं. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' असा फलकही रंगवून आणला होता. आंजर्ल्यात आज ज्याच्या घराला दोन जास्तीच्या भिंती आहेत त्याच्याकडे हा फलक आहे. बंधूंकडे तो अजून आहे. एका खोलीत पाहुणे उतरतात, दुसरीत गिअरबॉक्स उतरला आहे. पाहुण्यांना सकाळी घावन आणि व्याख्यान, दोन्ही गरम मिळतं.

व्याख्यानाचा विषय कॉलिन चॅपमन. हे नाव घेताना बंधू कानाच्या पाळीला हात लावतात, गवई उस्तादाचं नाव घेताना लावतो तसा. या इंग्रजाच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची मोटार काढली. तिला धड दार नाही, छप्पर नावापुरतं, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि सगळं मिळून वजन अर्ध्या टनाच्या आसपास. चॅपमनचं म्हणणं असं की इंजिन मोठं केलं तर फायदा सरळ रस्त्यावर दिसतो. वजन उतरवलं तर वळणावर, चढावर, ब्रेक मारताना, सगळीकडे दिसतो. दापोली तालुक्यात सरळ रस्ताच नाही. त्यामुळे हा सिद्धांत मुळात आपल्याकडच्या रस्त्यांसाठीच मांडला होता आणि इंग्लंडात तो चुकून वापरला गेला, अशी बंधूंची धारणा आहे.

पुढची गोष्ट तर ते अशा खुशीत सांगतात की पाहुण्यांचा चहा निवतो. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून 'सेव्हन' सुट्या भागांत मिळायची आणि लोक घरी जोडायचे. पण सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर सरकार तिला तयार गाडीच समजणार. यावर तोड अशी सांगतात की कंपनी गाडी खोलायची कशी याची पुस्तिका द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची. ही गोष्ट ऐकल्यावर कुठल्याही कोकणी माणसाला चॅपमन आपल्या आजोळकडचा वाटू लागतो.

१९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती अजून बनते आहे. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने तर अडीचशे पौंडांत तशीच मोटार घरी कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिलं. बंधूंकडे त्यातल्या मापांची झेरॉक्स आहे. एक इंची चौकोनी नळी, सोळा गेज. पानांवर आमसुलाच्या साराचे डाग आहेत, त्यामुळे एका नळीची लांबी नक्की चौदा इंच की चोवीस, हा वाद बरेच दिवस चालला. वाद घालणारे दोघेही बंधूच.

यात महाराष्ट्र मागे आहे असं मुळीच नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी १९४९ मध्ये 'मीरा' ही छोटी मोटार स्वतः बांधली, पुढे सत्तरीच्या दशकापर्यंत तिच्या नव्यानव्या आवृत्त्या काढल्या; कारखाना मात्र कधी उभा राहिला नाही. बंधूंच्या देवघरात गणपतीच्या शेजारी मीराचं वर्तमानपत्रातलं कात्रण आहे. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने तर थेट 'सेव्हन'च्याच वळणाची रोडस्टर बनवली, फायबरच्या बॉडीची. बंधू ती मुद्दाम बघून आले. परतल्यावर दोन दिवस गप्प होते. आत हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांत बसायचं ते १.८ लिटरचं इसुझू इंजिन आहे असं समजल्यामुळे. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "गाडी सुंदर आहे. पण जडावली."

आता स्वतःची गाडी. पुस्तकात जुन्या फोर्ड एस्कॉर्टची हाडं वापरली आहेत. ती इथे कुठून आणणार? इंजिन उभं बसवलेलं आणि जोर मागच्या चाकांना, अशी स्वस्त मोटार पाहिजे होती. मारुती आठशेचा जोर पुढच्या चाकांना, ती बाद. राहिली ओम्नी. या डब्याने महाराष्ट्राची केवढी सेवा केली आहे! शाळेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं, रुग्णवाहिका, भाजीपाला, आणि हिंदी सिनेमातली एकूण एक अपहरणं. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं तेव्हा खलनायकांची केवढी पंचाईत झाली असेल. बंधूंना मिळाली ती दापोलीत अंडी पोचवून म्हातारी झालेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पस्तीसेक घोड्यांचं इंजिन, मागे पाट्यांवर टांगलेला धुरा.

ओम्नी खोलण्याचं काम बंधूंनी इतक्या झपाट्याने केलं की शेजाऱ्यांना वाटलं चोरीची आहे. शेवटाकडून वाचायची पुस्तिका त्यांनी सुरुवातीकडून वाचली होती ना. भंगारवाला दारं, पत्रा आणि सीटा घेऊन गेला. पडवीत इंजिन, गिअरबॉक्स, धुरा आणि अंड्यांचा एक ट्रे उरला. ट्रेमध्ये आता नटबोल्ट आहेत. प्रत्येक बोल्टाचे नटाबाहेर आलेले आटे बंधूंनी करवतीने कापले आहेत. एका बोल्टामागे तीन ग्रॅम वाचतात.

"ओम्नीत एका घोड्याच्या पाठीवर बावीस किलो," बंधू सांगतात. "माझ्या गाडीचं वजन साडेचारशे धरा. एका घोड्यावर तेरा किलो. घोडा विचारील, बसलंय का कुणी?"

ही गणितं ते तोंडी करतात. रँग्लर परांजपे इथल्याच मुरडीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. गणित आमच्या पाण्यातच आहे, असं बंधू म्हणतात. वहिनी म्हणतात, विहिरी मात्र वेगळ्या असाव्यात.

सांगाडा झाल्यावर प्रश्न आला नाकाडाचा. गाडीचा पुढचा निमुळता भाग आणि चाकांवरचे पंखे फायबरचे करायचे. फायबरचे कारागीर बघायला आम्हाला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. खाडीपलीकडे आता लाकडाइतक्याच फायबरच्या होड्या दिसतात. बंधूंनी तिथल्या एका होडीवाल्याला गाठलं, साचा दिला, हवं ते वजन कागदावर लिहून दिलं: चार किलो. होडीवाल्याने कागद खिशात घातला आणि आपल्या मनाने काम केलं. मॅट, रेझिन, मॅट, रेझिन, असे सहा थर. नाकाड आणायला बंधू स्कूटरवर गेले होते, परत टेम्पोने आले. बावीस किलो.

"बंधू, हे पन्नास वर्सं समुद्रात राहिलं तरी कायसुदीक होनार नाय," होडीवाला म्हणाला.

"ते समुद्रात टाकायचं नाहीये!"

"आंजर्ल्यात राहून असं बोलू नये."

मग बंधूंनी ते नाकाड आतून घासायला घेतलं. ग्राइंडर लावला, तोंडाला पंचा बांधला आणि वारा कुठला आहे ते बघितलं नाही. फायबरची धूळ अंगाला लागली की काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. त्या आठवड्यात आमची अख्खी वाडी खाजवत होती. कुणी म्हणे गडग्यावर खाजकुयली फुटली, कुणी म्हणे मांगरातल्या उंदरांच्या पिसवा. एकाने उतारा काढून ठेवला. बंधू स्वतः अंगभर खोबरेल चोपडून घासत राहिले आणि नाकाड नऊ किलोवर आणलं. उरलेलं तेरा किलो नाकाड आम्ही सगळ्यांनी मिळून अंगावर वागवलं.

बंधूंचं खरं दर्शन घ्यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी, ओहोटीला, किनाऱ्यावर जावं. ओहोटीची ओली वाळू वरून घट्ट दिसते. गाडी वाळूत घालू नका असं सांगूनही आठवड्याला एखादा पर्यटक घालतोच. फोटोसाठी. मग चाक फिरतं, वाळू उडते, आणि गाडी स्वतःच्या चाकांनी स्वतःचा खड्डा खणते. लांबून समुद्र परत यायला निघालेला असतो. अशा वेळी गावातून तीन गोष्टी येतात: बघे, ट्रॅक्टर आणि बंधू. बंधू सर्वांत आधी.

एकदा पांढरी, ढब्बू, सात माणसांची गाडी अर्ध्या चाकापर्यंत रुतली होती. मालक घामाघूम.

"केवढी आहे?" बंधूंनी विचारलं.

"बावीस लाखांची हो काका."

"पैसे नाही विचारले. वजन."

"वजन... माहीत नाही."

बंधूंनी वळून आमच्याकडे बघितलं. देशाचं काय होणार, असा चेहरा होता. "बेचाळीस इंची टीव्ही घरात आहे हे माहीत असतं, बूट कितव्या नंबरचा ते माहीत असतं, आणि ज्यात मुलंबाळं घालून हिंडता त्याचं वजन माहीत नाही. दोन टनांच्या वर आहे. स्टेपनी काढा."

"काका, दोरी आहे का?"

"दोरी आहे. आधी स्टेपनी काढा."

घाबरलेला माणूस ठामपणे बोलणाऱ्याचं ऐकतो. स्टेपनी निघाली. जॅक, पान्हे, बर्फाची पेटी, चार बॅगा, पोराची सायकल निघाली. बंधूंनी खिशातून पान्हा काढला आणि मागची सीट सुटी केली. तीवर एक आजी बसल्या होत्या. त्या पायांना पाणी लागेल म्हणून उतरायला तयार होईनात, तेव्हा सीट त्यांच्यासकट उचलून कोरड्या वाळूवर ठेवली. तिथून त्यांना समुद्र चांगला दिसत होता आणि त्या एकट्या त्या संध्याकाळी खूष होत्या. बंधू डॅशबोर्डाकडे बघू लागले तेवढ्यात ट्रॅक्टर आला. साखळी अडकवली, एक हिसका, गाडी बाहेर. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"दीडशे किलो उतरवलं म्हणून निघाली," बंधू म्हणाले.

"मी रोज चार टन चिरा ओढतो," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "आनि हे सामान कुनाचं वाहून चाललंय ते बगा."

स्टेपनी तरंगत सुवर्णदुर्गाच्या दिशेने निघाली होती.

बंधूंच्या मनात आपल्या गाडीची चाचणी याच वाळूवर घ्यायची होती. एवढी हलकी गाडी रुतायची शक्यताच नाही. पण थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत इथे ऑलिव्ह रिडले कासवं घरटी करतात. रात्री मादी येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, बुजवून निघून जाते. दीडेक महिन्याने पिल्लं वर येऊन समुद्राकडे धावतात. ती बघायला लांबून लोक येतात, वहिनींच्या खोलीचं भाडं त्या दिवसांतच निघतं. वाळूवर चाक फिरलं की घरटं दबलं. कासवमित्रांमधला एक पोरगा बंधूंच्या हाताखाली वेल्डिंग शिकलेला. त्याने नम्रपणे पण ठाम नकार दिला. बंधूंनी तो मानला, उलट मोसमात पहाटेच्या गस्तीलाही जाऊ लागले. कासवाविषयी त्यांचं मत मात्र तत्त्वतः प्रतिकूलच आहे. "चाळीस किलोचा जीव," ते म्हणतात, "आणि त्यात कवच केवढं! म्हणून तर शर्यतीत ससा झोपावा लागतो."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्याबद्दल आमच्याकडे कुणी विनोद करत नाही. उभी आगरं आडवी झाली. पन्नास-साठ वर्षांचे माड, पोफळींच्या रांगाच्या रांगा, छपरांवरची कौलं, पत्रे, सगळं गेलं. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. बंधूंच्या आगरातले निम्म्याहून जास्त माड पडले, आणि वहिनी त्या उन्मळलेल्या मुळांजवळ उभ्या होत्या ते मी पाहिलं आहे.

पण वादळाच्या आदल्या रात्रीची हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण ती वहिनीच सांगतात. वारं किती सुटणार याची सूचना आली होती. पडवीत नुसता सांगाडा होता, पासष्ट किलोचा. बंधूंच्या लक्षात आलं की हा उडणार. ज्या माणसाने तीन-तीन ग्रॅमसाठी बोल्टांची शेपटं कापली, तो माणूस त्या रात्री कंदिलाच्या उजेडात गडग्याचे जांभ्याचे चिरे उपसून सांगाड्यावर रचत होता. एकेक चिरा तीसेक किलोचा. चौदा चिरे ठेवले. वरून सुंभ बांधला. वादळ ओसरल्यावर पाहिलं तर आमच्या वाडीतलं जे काही होतं ते दुसऱ्या वाडीत होतं, सांगाडा मात्र जागच्या जागी. बंधूंनी नंतर बेरीज केली तर त्या रात्री गाडीचं वजन ओम्नीच्या अर्ध्याच्या वर गेलं होतं. ते त्यांना अजून लागून राहिलं आहे.

पुढे रंग झाला, चाकं लागली, आणि नोंदणीचा विषय निघाला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ सांगतं की बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा फेरफार करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावून सांगितलं. इथे तर ओम्नीचा मूळ तपशील भंगारवाल्याकडे होता. नवीन मोटार म्हणून नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिच्या सगळ्या चाचण्या व्हायला हव्यात; ब्रेक, धूर, दिवे, धडक. मोठमोठे कारखाने त्यासाठी गाड्या पाठवतात. बंधूंकडे एकच गाडी, ती धडकेला दिली तर परत काय आणणार? तरी ते फाइल घेऊन रत्नागिरीला गेले. फाइल सहाशे चाळीस ग्रॅमची होती, टाचण्या काढून. साहेब सज्जन निघाले. त्यांनी सगळे कागद वाचले, आराखडे उलटसुलट करून पाहिले, चहा मागवला, आणि हळूच विचारलं, "बंधू, ही गाडी घरीच ठेवली तर काही अडचण आहे का?"

'बंधू' त्यांनाही दहा मिनिटांत तोंडात बसलं होतं.

वहिनींचा डाव वेगळा होता. यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्र्यात दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बांधली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी, साठेक हजारांत. तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली आणि २०२२ च्या जानेवारीत लोहारांना तिच्या बदल्यात नवीकोरी बोलेरो मिळाली. वहिनींनी ही बातमी फ्रिजवर चिकटवली. बोलेरो आली तर खेडवरून पाहुणे आणायला किती बरं पडेल.

बंधू दुखावले. "मला? बोलेरो?" ते म्हणाले. "दीड टनाच्या वर आहे ती!"

"तुम्हाला कुठे देताहेत? मी घेते."

शेवटी एकदाची गाडी पडवीतून खळ्यात आली. ती दारातून बाहेर येत नाही हे ऐन वेळी लक्षात आलं, म्हणून पडवीचा एक खांब काढला (चौदा किलो, बंधूंनी लगेच मोजला). एकच काटा असल्यामुळे चार चाकं पाळीपाळीने मोजायची. एका चाकाखाली काटा, बाकी तिन्हींखाली तेवढ्याच उंचीचे चिरे. बेरीज चारशे छप्पन्न. बंधूंना साडेचारशेच्या आत हवी होती. हॉर्न काढला, आंजर्ल्यात सगळे आवाजावरून ओळखतात. एक आरसा काढला. शेजारची सीट काढली. "सीट कशाला? मी एकटाच तर चालवणार." चारशे एकोणपन्नास. बंधूंनी टाळी वाजवली, मंडळींना पन्हं दिलं, आणि रुबाबात सांगाड्यात शिरले. मागचे पाटे कण्हले. गाडी चार बोटं खाली गेली.

वहिनींनी त्यांना उतरवून काट्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव किलो, सातशे ग्रॅम. गेली कित्येक वर्षं घरातली प्रत्येक वस्तू या काट्यावर चढली होती, बंधू सोडून. वहिनींनी आकडा वाचला, चष्मा कपाळावर ढकलला, नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "यातलं काय काढता येईल?"

असं हसू खळ्यात मी त्याआधी ऐकलं नव्हतं. होडीवाला तर गडग्याला धरून बसला.

बंधू हार मानणारे नव्हेत. त्यांनी थेट कड्याकडे बोट केलं. "गणपतीकडे बघा. केवढा देह! आणि वाहन? उंदीर. वाहन हलकं असलं पाहिजे. बसणारा कितीही असो. शास्त्रात आहे."

"गणपती नुसता बसतो," वहिनी म्हणाल्या. "चालवतो तो उंदीरच ना?"

आणि त्या काट्यावर चढल्या. सत्तेचाळीस.

आता गणित बंधूंचंच होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. ते बसले तर एका घोड्यावर साडेपंधरा किलो. वहिनी बसल्या तर चौदा. रोज केळशी-दापोली स्कूटर मारणारी बाई. तिला क्लच सोडण्यापासून सगळं समजावून सांगायला बंधूंनी सुरुवात केली, तोवर तिने साडीचा पदर खोचून, पाय आत टाकून, किल्ली फिरवलीसुद्धा. दुसरी सीट नव्हती. बंधू मागून धावले. गाडी बेड्यातून आगरात गेली, पाटाच्या कडेकडेने, वादळानंतर वहिनींनीच लावलेल्या माडाच्या कवाथ्यांमधून, पहिल्या गिअरवर, मध्येच एकदा दुसऱ्यावर. पस्तीस घोडे काय म्हणतात ते आम्हाला सायलेन्सरमधून ऐकू येत होतं. आवाज आगराच्या दुसऱ्या टोकाला गेला, थांबला, बराच वेळ थांबला. मग परत यायला लागला.

वहिनी खळ्यात आल्या तेव्हा सीट काढलेल्या जागेत काठोकाठ असोले नारळ होते. पाडून तीन दिवस पडून राहिलेले, गडी मिळत नाही म्हणून आणायचे राहिलेले. मागे बंधू, धापा टाकत, मातीने लाल. त्यांनी नारळ मोजले. अडतीस. एक उचलून काट्यावर ठेवला, आकडा बघितला, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, सोलून तरी भरायचेत! निम्मं वजन नुसतं सोडणांचं आहे!"

"मग सोला," म्हणून वहिनींनी नारळ खळ्यात ओतले आणि दुसऱ्या खेपेला गाडी वळवली.